खुनाच्या एक क्षण आधी: नवअभिजात चित्रांतली ग्रीक पुराणं कशी बघायची

झाक-लुई दाविद हा फ्रेंच चित्रकार २९ डिसेंबर १८२५ रोजी ब्रसेल्समध्ये वारला. त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्या निमित्ताने त्याची चित्रं पुन्हा फोनच्या पडद्यावर फिरू लागली. ती बघताना आपल्याकडच्या माणसाला पडणारे प्रश्न ठरलेले असतात. हे उघडेबंब योद्धे कोण? या बायका कशासाठी रडतायत? आणि एवढी रडारड, मारामारी चालू असताना सगळे पुतळ्यासारखे का उभे आहेत?

प्रश्न रास्त आहेत. ही चित्रं नुसती बघून कळत नाहीत, कारण ती काढणाऱ्यांनी प्रेक्षकाला गोष्ट आधीच माहीत आहे असं धरलं होतं. गोष्ट कळली की मग चित्रकाराने त्या गोष्टीतलं नेमकं काय उचललं आणि काय सोडून दिलं, हे दिसायला लागतं. खरी गंमत तिथे आहे.

नवअभिजात म्हणजे काय?

साधारण १७६० ते १८३० या काळात युरोपातल्या चित्रकारांनी, शिल्पकारांनी आणि वास्तुरचनाकारांनी प्राचीन ग्रीक-रोमन कलेला पुन्हा गुरू मानलं. त्या चळवळीला नवअभिजातवाद म्हणतात. ‘नव’ अशासाठी, की प्रबोधनकाळात हे एकदा होऊन गेलं होतं.

त्याआधीच्या पिढीतही ग्रीक देवदेवता होत्याच. फ्रान्स्वा बूशेच्या चित्रांत व्हीनस, डायाना, गुटगुटीत पंखवाली बाळं यांची रेलचेल असते. सगळं गुलाबी, मऊ, गुदगुल्या करणारं. दरबारी दिवाणखान्यांत लावायला ही चित्रं झकास होती, पण शतकाच्या मध्यापासून लोकांना त्यांचा वीट येऊ लागला. त्याच सुमारास इटलीत व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली दोन गावं वर येत होती. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ साली सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ साली. भिंतींवरची रंगीत चित्रं, भांडी, दिवे, पलंग, सगळं जसंच्या तसं. प्राचीन माणसं कशा घरांत राहत, कशावर बसत, हे प्रथमच डोळ्यांनी दिसलं.

त्याला तत्त्वज्ञान पुरवलं योहान विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने. १७५५ साली त्याने ग्रीक कलेचं वर्णन ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ असं केलं आणि ते शब्द युरोपभर मंत्रासारखे पसरले. मौज अशी, की हा गृहस्थ आयुष्यात एकदाही ग्रीसला गेला नाही. त्याने पाहिले ते बहुतेक रोममधले पुतळे, आणि त्यांतलेही पुष्कळसे ग्रीक पुतळ्यांच्या रोमन नकला. १७६८ साली त्रिएस्तच्या एका खाणावळीत त्याचा खून झाला. त्याचा मित्र आंतोन राफाएल मेंग्स याने रोमच्या व्हिला अल्बानीत १७६१ साली छतावर ‘पार्नासस’ रंगवलं: मधे अपोलो, भोवती कलादेवता. विंकेलमानच्या शब्दांचं हे तंतोतंत चित्ररूप मानलं जातं. माझ्या मते ते फारच कंटाळवाणं आहे. सगळे छान उभे आहेत आणि घडत काहीच नाही. पण या शैलीचा पाळणा तोच.

पुराणकथाच का? दुसरे विषय नव्हते?

होते, पण त्यांना मान नव्हता. फ्रान्सच्या राजाश्रयी कला अकादमीने सतराव्या शतकातच चित्रविषयांची उतरंड ठरवून टाकली होती. सर्वांत वर ‘इतिहासचित्र’. त्यात बायबल, प्राचीन इतिहास आणि पुराणकथा तिन्ही आले. त्याखाली व्यक्तिचित्र, मग रोजच्या जगण्याची दृश्यं, निसर्गचित्र, आणि तळाला फळं-भांडी. ज्याला नाव कमवायचंय त्याने वरचीच पायरी गाठायची.

तिथे पोचायची वाट एका परीक्षेतून जायची, तिचं नाव ‘प्री द रोम’. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमला राहून शिकायला मिळे. विषय अकादमी देई, तोही बहुधा पुराणातला किंवा प्राचीन इतिहासातला. दाविद या परीक्षेला चार वेळा बसला. १७७१ साली विषय होता मार्स आणि मिनर्व्हा या देवतांची लढाई. दुसरा क्रमांक आला. १७७२ साली नायोबीची मुलं: आपल्याला देवीपेक्षा जास्त मुलं आहेत अशी फुशारकी मारणाऱ्या आईची सगळी मुलं त्या देवीची मुलं अपोलो आणि डायाना बाणांनी मारतात, ती कथा. त्या वर्षी हरल्यावर दाविदने खोलीत कोंडून घेऊन अन्नपाणी सोडलं होतं. अखेर १७७४ साली जमलं.

म्हणजे त्या काळच्या होतकरू चित्रकाराला ग्रीक पुराण श्रद्धेपोटी येत नव्हतं. झ्यूसवर त्याचा विश्वास नव्हता, त्याची कोणी पूजा करत नव्हतं. पुराण हा त्याचा अभ्यासक्रम होता. त्यामुळे त्या कथांशी हवं ते करायची मोकळीक त्याला होती, आणि पुढे जे झालं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

एकच क्षण

नाटककाराला तीन अंक मिळतात, चित्रकाराला एक क्षण. तो कोणता निवडायचा? जर्मन लेखक लेसिंग याने १७६६ साली याचं उत्तर मांडलं: कळसाचा क्षण दाखवू नका, त्याच्या जरा अलीकडचा किंवा पलीकडचा दाखवा. कळस दाखवला की बघणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला जागाच उरत नाही.

आपल्याला हे सांगायची गरज नाही. पर्णकुटीच्या दारात भिक्षा मागणारा साधू, आत सीता, मधे जमिनीवर एक रेघ, असं चित्र दिनदर्शिकेवर दिसलं की सीतेचा पाय रेघेच्या कुठल्या बाजूला आहे तिकडेच डोळे जातात. पुढचं सगळं आपण मनाने पुरं करतो.

दाविदचं ‘हेक्टरसाठी शोक करणारी ॲन्ड्रोमॅकी’ (१७८३) बघा. होमरच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर अकिलीसच्या हातून मरतो, अकिलीस त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो, आणि शेवटी म्हातारा बाप प्रायम शत्रूच्या तंबूत जाऊन मुलाचा देह मागून आणतो. रंगवायला केवढा मसाला! दाविदने त्यातलं काही घेतलं नाही. त्याने घेतलं ते नंतरचं. पलंगावर प्रेत, शेजारी बायको, तिला बिलगलेलं लहान पोर. तिचा एक हात प्रेताकडे पसरलेला, नजर मात्र वर. पलंगाखाली हेक्टरचं शिरस्त्राण आणि तलवार नुसती पडलेली. पलंगाच्या कडेवर छोट्या उठावचित्रांत हेक्टरचा मृत्यू कोरलाय; म्हणजे कळसाचा प्रसंग चित्रात आहे, पण लाकडावरची नक्षी होऊन. या चित्रावर दाविदला अकादमीचं पूर्ण सदस्यत्व मिळालं.

एकाच घरातल्या दोन गोष्टी

मला स्वतःला ही पद्धत सगळ्यांत चांगली दिसते ती दोन वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या चित्रकारांनी काढलेल्या दोन चित्रांत. दोन्हींतलं कुटुंब एकच.

ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन ट्रॉयवर निघालाय, पण वारा पडल्यामुळे जहाजं बंदरातच अडकलीत. देवीचा कोप झालाय, मुलीचा बळी दिला तर वारा सुटेल, असं ज्योतिषी सांगतो. बाप मुलीला, इफिजेनियाला, निरोप धाडतो: ये, तुझं अकिलीसशी लग्न ठरवलंय. ती आईबरोबर नवरीच्या वेषात येते. आपलं नाव वापरून हे कपट केलं गेलंय, हे अकिलीसला तेव्हा कळतं.

दाविदने १८१९ साली हा क्षण रंगवला. ‘अकिलीसचा क्रोध’ हे चित्र आता अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. वेदी नाही, सुरा नाही, जहाजं नाहीत, देवी नाही. चार माणसं, अगदी जवळून घेतलेली, एकमेकांना खेटून. अकिलीसचा हात तलवारीला गेलाय. ॲगमेम्नॉनची नजर त्याला जागच्या जागी थांबवतेय. आईचे डोळे रडून लाल. आणि मधे पांढऱ्या पोशाखातली मुलगी, केसांत फुलं, मान किंचित कललेली. तिला सगळं कळलंय आणि तिने ते मान्यही केलंय. फोटो काढताना लोक जसे चौकटीत मावायला जवळ सरकतात तेवढ्या जागेत चौघांची चार मनं आहेत, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच कोणाकडे तरी बघतोय.

आता दहा वर्षं पुढे. ट्रॉय पडलंय, ॲगमेम्नॉन घरी परतलाय. मुलीचा बळी आई, क्लायटेम्नेस्ट्रा, विसरलेली नाही. मधल्या काळात तिने एजिस्थस हा जार ठेवलाय आणि दोघांनी मिळून नवऱ्याला मारायचं ठरवलंय. पिएर-नार्सिस गेराँ याने १८१७ साली हे रंगवलं. चित्र लूव्रमध्ये आहे. ॲगमेम्नॉन पडद्याआड गाढ झोपलाय. तिकडे दिवा जळतोय आणि त्याचा उजेड लाल पडद्यातून गाळून इकडे येतो, त्यामुळे अख्खं चित्र लालसर झालंय. अलीकडे हातात सुरा घेतलेली क्लायटेम्नेस्ट्रा. ती थबकलीय. एजिस्थस मागून तिला पुढे ढकलतोय.

रक्ताचा एक थेंब नाही. सगळं रक्त पडद्याच्या रंगात आहे. प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात ॲगमेम्नॉन न्हाणीघरात मारला जातो. गेराँने त्याला बिछान्यावर झोपवलं, कारण त्याला तो पडदा आणि तो दिवा हवा होता. क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्याला मारते हे दोन हजार वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही या चित्रापुढे, ती कदाचित मारणार नाही, असं वाटून जातं.

मग देव गेले कुठे?

या शेवटच्या तीन चित्रांत एकही देव आलेला नाही, हे लक्षात आलं असेल. चमत्कार वजा करायचा आणि मागे उरलेल्या माणसाला निर्णयापुढे उभं करायचं, ही या शैलीची आवडती रीत. बुद्धिप्रामाण्याचं शतक होतं ते. आकाशातून देव उतरून गुंता सोडवतो, हे सुशिक्षित प्रेक्षकाला पोरकट वाटू लागलं होतं.

अँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या ‘इडिपस आणि स्फिंक्स’मध्ये (१८०८) हे स्वच्छ दिसतं. स्फिंक्स म्हणजे बाईचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेली राक्षसी. वाटसरूंना कोडं घालते आणि उत्तर चुकलं की ठार मारते. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन पायांवर चालतो तो कोण? उत्तर: माणूस. दुसऱ्या एखाद्याने इथे झटापट रंगवली असती. अँग्रचा इडिपस दगडावर पाय ठेवून, गुडघ्यावर कोपर टेकून, गणित समजावून सांगितल्यासारखा हातांनी बोलतोय. राक्षसी अर्धी अंधारात. खाली कोपऱ्यात मात्र हाडं आणि एका प्रेताचा तळवा दिसतो, आधी चुकलेल्या कोणाचा तरी.

दाविदचा शिष्य जिरोदे याने आणखी वेगळी युक्ती केली. चंद्रदेवी झोपलेल्या एन्डिमिअनच्या प्रेमात पडते आणि रोज रात्री त्याच्याकडे येते, ही कथा आधी पुष्कळांनी रंगवली होती, त्यात देवी ढगावरून उतरताना दिसायची. जिरोदेने १७९१ साली रोममध्ये देवीच काढली नाही. पंख असलेला एक मुलगा फांदी बाजूला करतो आणि फटीतून चांदणं झोपलेल्या तरुणाच्या अंगावर पडतं. ते चांदणं म्हणजेच देवी.

कोणी म्हणेल, मग अँग्रचं ‘जुपिटर आणि थेटिस’ (१८११) काय आहे? त्यात तर साक्षात देवांचा राजा समोर बसलाय. खरं आहे. हा नियम सगळ्यांनी पाळला नाही, आणि अँग्र तर नियम मोडण्यातच पुढे. पण इथेही चमत्कार नाहीच. अकिलीसची आई थेटिस मुलाची बाजू मांडायला आलीय, गुडघे टेकून जुपिटरच्या मांडीवर रेललीय आणि हात वर करून त्याची दाढी कुरवाळतेय. कडेला ढगातून त्याची बायको जूनो हे सगळं बघतेय. तो मात्र मख्ख, सरळ समोर बघतोय. थेटिसची मान इतकी ताणलेली आणि फुगीर, की टीकाकारांना तिला गलगंड झालाय असं वाटलं. अकादमीला हे चित्र मुळीच रुचलं नाही.

(जुपिटर, जूनो, डायाना, मार्स ही रोमन नावं, ग्रीकमध्ये झ्यूस, हेरा, आर्टेमिस, एरीस. त्या काळच्या शाळांत लॅटिन सक्तीचं होतं, म्हणून ग्रीक गोष्टही रोमन नावांनीच सांगितली जाई.)

पण ती इतकी थंड का वाटतात?

कारण चित्रकारांसमोर नमुने पुतळ्यांचे होते. प्राचीन ग्रीक चित्रकारांची कीर्ती ग्रंथांत आहे, त्यांची चित्रं मात्र नाहीशी झाली. हाताशी उरले संगमरवर, मातीच्या भांड्यांवरची रेखाटनं आणि पॉम्पेईच्या भिंती. म्हणून आकृत्या उठावशिल्पासारख्या एका ओळीत, मागे फारशी खोली नाही, कडा कापून काढल्यासारख्या, आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत की कुंचल्याचा फटकारा सापडत नाही. त्यात मूळ पुतळे रंगवलेले असत हेही बहुतेकांच्या गावी नव्हतं. पांढरा दगड म्हणजेच ग्रीक, ही समजूत तेव्हाची, आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही.

नग्नतेचंही मूळ तिथेच. पुतळ्यांतले वीर नग्न, म्हणून चित्रांतलेही. तेव्हाच्या लोकांनाही ते खटकलंच. दाविदने १७९९ साली ‘सेबाइन स्त्रिया’ हे रोमन दंतकथेवरचं चित्र तिकीट लावून दाखवलं, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत आपले वीर नग्न का, याचा खुलासा छापावा लागला. प्राचीनांची रीतच तशी होती, हे त्याचं उत्तर. लढाईला कोणी असं जातं का, हा प्रश्न मात्र उरतोच.

स्त्री चित्रकारांना या नग्नतेचा वेगळाच जाच झाला. नग्न पुरुष समोर बसवून रेखाटन करणं हा इतिहासचित्राचा पाया, आणि त्या वर्गात बायकांना मज्जाव. अँजेलिका काउफमान ही लंडनच्या रॉयल अकादमीची १७६८ सालची संस्थापक सदस्य. पण योहान झोफानीने सदस्यांचं समूहचित्र काढलं त्यात पुरुष मंडळी नग्न मॉडेलभोवती जमलीत, आणि काउफमान व मेरी मोझर या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत. काउफमानने तरीही पुराणकथा सोडल्या नाहीत. तिने उचलल्या त्या मागे राहिलेल्या बायका: वाट पाहणारी पेनेलपी, आणि थिसियसने बेटावर टाकून दिलेली ॲरिॲडनी.

हे सगळं क्रांतीचं राजकारण होतं, असं म्हणतात ना?

अर्धंच खरं. दाविद कट्टर क्रांतिकारक झाला, राजाला देहदंड द्यावा असं त्याने १७९३ साली मत दिलं, हे खरं. पण त्याचं सर्वांत गाजलेलं ‘होरेशियसची शपथ’ हे चित्र, ज्याला लोक क्रांतीची तुतारी म्हणतात, ते १७८४ साली राजाच्याच सरकारसाठी काढलेलं. शिवाय कथा रोमन, ग्रीक नव्हे. क्रांतीच्या तोंडावर, १७८८ साली, त्याने राजाच्या धाकट्या भावासाठी ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस आणि हेलन यांची शृंगारकथा रंगवली. क्रांती पेटल्यावर पुराणं मागे पडली; १७९३ साली त्याने काढला तो स्नानाच्या टबात भोसकलेला क्रांतिकारक नेता ‘मारा’, कालपरवापर्यंत ओळखीचा असलेला माणूस.

पुराणं त्याच्याकडे परत आली ती नेपोलियनचा पाडाव होऊन, राजाला मारणाऱ्यांना फ्रान्सबाहेर काढल्यावर. १८१६ पासून मरेपर्यंत तो ब्रसेल्समध्ये राहिला, आणि तिथे क्यूपिड-सायकी, टेलिमॅकस, अकिलीस असं एकामागून एक काढत गेला. राजकारणात हात पोळलेल्या माणसाला तीन हजार वर्षांपूर्वीचे विषय बरे, असं वाटलं असेल तर नवल नाही.

तंजावरपर्यंत आलेला एक धागा

इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने १७९३ साली ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’वर नुसत्या बाह्यरेषांची चित्रं केली: छाया नाही, पार्श्वभूमी नाही. ती युरोपभर पोचली. याच फ्लॅक्समनकडून तंजावरच्या सर्फोजीराजे भोसल्यांनी आपले शिक्षक, मिशनरी श्वार्ट्झ, यांचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते आहे: मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हातात घेतलेले राजे. मरणशय्या, शेजारी उभी माणसं, आवरून धरलेला शोक, ही मांडणी अनोळखी वाटू नये. पुढे १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये मराठी मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकली, तो दुसरा धागा. त्याची हकीकत मोठी आहे.

१८२४

दाविदचं शेवटचं मोठं चित्र १८२४ सालचं, आता ब्रसेल्सच्या राजसंग्रहालयात असलेलं ‘व्हीनसने निःशस्त्र केलेला मार्स’. ढगांवर मंदिर, युद्धदेव पलंगावर रेललेला, व्हीनस त्याला फुलांचा मुकुट घालतेय, क्यूपिड वहाणेचे बंद सोडतोय, आणि नको तिथलं झाकायला चोच जुळवलेली दोन कबुतरं. पंचाहत्तरी गाठलेल्या म्हाताऱ्याने हे मनापासून काढलं की मिस्कीलपणे, यावर जाणकार अजून भांडतात. मला त्यात थट्टा दिसते. जन्मभर देवांना हाकलणाऱ्याने शेवटी सगळे एका ढगावर बसवले.

ते चित्र त्या वर्षी पॅरिसला आणून तिकीट लावून दाखवलं. त्याच वर्षी पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात सव्वीस वर्षांच्या एका चित्रकाराने ग्रीसचंच चित्र मांडलं होतं. त्यात अकिलीस नव्हता, हेक्टर नव्हता. १८२२ साली किऑस बेटावर ऑटोमन फौजांनी कापलेले खरेखुरे ग्रीक होते: वाळलेल्या छातीशी लागलेलं तान्हं मूल, थकलेले जखमी, मागे जळतं गाव, आणि कुंचल्याचे फटकारे उघड दिसणारे. चित्रकाराचं नाव दलाक्रवा. लाल पडद्याआड क्लायटेम्नेस्ट्राला थबकवणाऱ्या गेराँच्याच शाळेत तो शिकला होता. टीकाकारांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, आणि सरकारने सहा हजार फ्रँक मोजून चित्र विकत घेतलं.